हर्णैच्या पिकअपचा ईसीएम : जून–जुलै २०२४ च्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२४

हर्णै बंदरातून मासळी वाहणारा २०१८ सालचा डिझेल पिकअप आज दुपारी दोरी बांधून गॅरेजवर आणला. १ जूनपासून मासेमारीबंदी लागली असून ती ३१ जुलैपर्यंत आहे, त्यामुळे मालकांना आज घाई नाही. मात्र १ ऑगस्टला होड्या पाण्यात गेल्या की गाडी दारात उभी ठेवणे त्यांना परवडणारे नाही. तक्रार एवढीच की सेल मारला की इंजिन फिरते, पण पेटत नाही. गाडी आधी एका ठिकाणी दाखवून झाली होती आणि तिथे पाच मिनिटांत ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकच मेला, असा निकाल मिळाला होता. तो निकाल बरोबर असेलही, पण तो कोणत्या मोजमापावरून दिला हे मालकांना कोणी सांगितले नाही, म्हणून या नोंदींत मी तो गृहीत धरणार नाही.

चावी चालू केल्यावर डॅशबोर्डवरच्या मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा क्षणभरही लागत नाही. स्कॅनर (गाडीतल्या संगणकांकडून बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) मीटरशी बोलतो आणि तिथे यू ०१०० हा कोड सापडतो, म्हणजे इंजिन नियंत्रकाशी संपर्क तुटलेला आहे. संपर्क तुटण्याला मेलेला ईसीएम जसा कारण असतो, तशी तुटलेली वायरही असते.

५ जून

बॅटरी १२.४ व्होल्ट. स्कॅनरच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला पॉझिटिव्ह, ४ आणि ५ नंबरला अर्थ (निगेटिव्ह) व्यवस्थित मिळतो. त्यानंतर बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजला, कारण गाडीतले संगणक ज्या दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या तिथे येतात. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो आणि दोन्ही शाबूत असतील तर मल्टिमीटर ६० दाखवतो. इथे त्याने १२० दाखवले. या मॉडेलमध्ये एक टोक डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये आणि दुसरे ईसीएममध्ये आहे, म्हणजे ईसीएमकडचे टोक तारांना लागलेलेच नाही.

ईसीएम क्लीनरच्या पायाजवळ, डाव्या बाजूच्या पत्र्याच्या आत बसवलेला आहे. रबरी मॅट उचलली तर खालचा फोम पिळून पाणी काढता येईल इतका ओला होता. मालक लगेच म्हणाले, “वायरमन, ते मासळीचं पाणी. पुढंपण दोन क्रेट ठेवतो ना आम्ही.” वितळलेल्या बर्फाचे पाणी आणि मासळीचा खारटपणा दोन्ही खरे असल्याने मीही त्या वेळी मान डोलावली. हे मान डोलावणे पुढे महाग पडले असते.

७ जून

ईसीएमचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवला. काही पिनांवर हिरवा कळक चढला होता, कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा, आणि तीन अर्थ पिनांपैकी दोन चिमटीत धरताच तुटल्या.

इथे एक गोष्ट सविस्तर लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे शिकायला येणारी पोरे याच जागी फसतात. कपलरच्या पॉझिटिव्ह आणि अर्थ पिनांमध्ये मल्टिमीटर लावला तर त्याने १२.४ व्होल्ट दाखवले, म्हणजे वरवर पाहता पुरवठा उत्तम. त्याच दोन पिनांना मागच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला, तेव्हा तो निखाऱ्यासारखा लालसर पेटला आणि व्होल्टेज ६.९ वर आले. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नसल्याने सडलेल्या तारेचा एक धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा तो एक धागा उघडा पडतो. ईसीएमवर शिक्का मारण्याआधी ही बल्बची कसोटी घेतली नसेल तर तो शिक्का मी मानत नाही.

अर्थच्या तिन्ही तारा चांगले तांबे लागेपर्यंत मागे कापून नवीन जोडल्या आणि कपलरमध्ये नव्या पिना भरल्या. बल्ब आता पांढरा पेटतो, व्होल्टेज १२.१. ईसीएम जोडला, पिवळा दिवा नाही, संपर्क नाही, रोध १२० चा १२०. ईसीएमच्या स्वतःच्या, पिळलेल्या तारांच्या दोन पिनांवर थेट मोजले तर १२० मिळायला हवेत, तिथे मार्ग खुला दाखवतो. म्हणजे आता संशयाला आधार मिळाला.

११ जून

मालकांच्या पुतण्याकडे याच मॉडेलचा, पुढच्या वर्षीचा पिकअप आहे. “माझ्या गाडीतला काढून लावून बघा ना, सुरू झाली तर कळेलच,” असे तो स्वतःहून म्हणाला. मी नकार दिला. ज्या वायरिंगने एक ईसीएम खाल्ला आहे असा संशय आहे, त्या वायरिंगवर चांगला ईसीएम लावणे म्हणजे दुसऱ्याची गाडी पणाला लावणे होय. उलट प्रयोग मात्र करता येतो. संशयित ईसीएम आतून शॉर्ट नाही, हे पुरवठ्याच्या पिना मोजून ठरवले आणि मग तो पुतण्याच्या गाडीत जोडला.

या प्रयोगात इंजिन सुरू होईल अशी अपेक्षाच ठेवायची नसते. चावीच्या मुठीत एक लहानशी चिप असते. इग्निशन कुलपाभोवतीचे वेटोळे तिला १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी जागे करते, ती आपली ओळख सांगते, इमोबिलायझर (चोरी रोखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप) ती तपासतो आणि मग ईसीएमशी गुप्त संकेताची देवाणघेवाण करतो. संकेत जुळला नाही की ईसीएम डिझेल फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो. त्यामुळे परक्या गाडीत चांगला ईसीएमही इंजिन चालवणार नाही, पण स्कॅनरशी तो बोलेल. बोलतो की नाही, एवढीच इथली कसोटी.

तो बोलला नाही. सेन्सरांना जाणारे ५ व्होल्ट मोजले तर ०.८ भरले. पुतण्याचा ईसीएम परत लावताच त्याची गाडी पहिल्या सेलला सुरू झाली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

१२ जून

झाकण हीट गनने हळूहळू तापवून उघडले. कोपऱ्यात पांढरे मीठ साचलेले, त्याखाली बोर्डावरच्या रेघा खाल्लेल्या आणि पुरवठा सांभाळणाऱ्या भागाचे दोन पाय नाहीसे. बोर्ड अनेक थरांचा असल्याने आतल्या रेघा जोडणे शक्य असले तरी भरवशाचे नाही. मासळी घेऊन रात्री कुंभार्ली घाट चढणाऱ्या गाडीत असा दुरुस्त बोर्ड बसवायला मी तयार नाही.

प्रोसेसरला जीव नाही. मात्र शेजारची आठ पायांची लहान मेमरी चिप डोळ्यांना धड दिसते. इमोबिलायझरचा संकेत, चॅसी क्रमांक, इंजेक्टरांचे कोड आणि ईसीएमने स्वतः शिकलेल्या दुरुस्त्या या कुळातील ईसीएममध्ये त्याच चिपमध्ये असतात. (काही नव्या ईसीएममध्ये हे सारे प्रोसेसरच्या पोटातच असते, तिथे पुढचा मार्ग खुंटतो.)

२० जून

आठवडाभर फोनवर गेला. नवा ईसीएम मागवता येतो, पण किंमत ऐकून मालक गप्प झाले. जुना म्हणाल तर कुर्ल्यापासून कोल्हापूरपर्यंत सर्वांकडे ‘सेम टू सेम’ आहे. फोटो मागवला की काय सेम आहे ते कळते. ज्यांनी लेबल पुसून टाकले होते त्यांना पहिल्याच दिवशी वगळले.

लेबलावर दोन क्रमांक बघायचे. एक हार्डवेअरचा, या बनावटीत डिझेल ईसीएमचा तो ०२८१ ने सुरू होतो, पेट्रोलचा ०२६१ ने. तो शेवटच्या अंकापर्यंत जुळलाच पाहिजे. दुसरा सॉफ्टवेअरचा, तो जुळला तर उत्तम. कपलर सारखा आणि डबा सारखा एवढ्यावरून काहीही ठरत नाही, कारण त्याच डब्यात वेगळ्या अश्वशक्तीचे, वेगळ्या टर्बोचे किंवा वेगळ्या प्रदूषण-मानकाचे गणित भरलेले असू शकते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, त्यानंतरच्या गाडीचा ईसीएम बाहेरून भावंड दिसला तरी या बीएस-४ गाडीच्या कामाचा नाही.

कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडे अपघातात गेलेल्या २०१९ च्या पिकअपचा ईसीएम मिळाला. हार्डवेअर क्रमांक तंतोतंत तोच, सॉफ्टवेअरचे शेवटचे दोन अंक वेगळे. ती गाडी एसीची होती, आमची बिनएसीची. किंमत ९,५०० रुपये. सोबत त्या गाडीच्या भंगार-विक्रीच्या कागदाची प्रत मागून घेतली. चोरीच्या गाडीचा माल गॅरेजमध्ये येऊ द्यायचा नाही हा आमचा जुना नियम आहे.

२९ जून

पार्सल एस.टी.ने आले. जोडण्यापूर्वी गाडीतील ५ व्होल्टच्या प्रत्येक तारेचा अर्थशी रोध मोजला. रेल प्रेशर सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल, टर्बोचा सेन्सर, कुठेही शॉर्ट नाही. मगच ईसीएम लावला.

पिवळा दिवा लागला. सॉकेटवर ६० ओहम. स्कॅनर बोलला आणि त्याने प्रामाणिकपणे कोल्हापूरच्या गाडीचा सतरा अक्षरी चॅसी क्रमांक सांगितला. सेल मारला, इंजिन पेटले आणि दोन सेकंदांत बंद पडले. पुन्हा तेच. मालक म्हणाले, “झालं की, आता थोडंसंच राहिलंय.” त्यांना समजावले की हे बिघाडाचे लक्षण नसून कुलूप आपले काम चोख करत असल्याचे लक्षण आहे.

३ जुलै

आज चिपचे काम. आरसी, दोन्ही चाव्या आणि मालक समोर असल्याशिवाय हे काम करायचे नाही. तसेच मीटरवरचे किलोमीटर कमी दाखवण्यासाठी कोणी ही विद्या मागायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवायचे.

पहिल्यांदा नव्या आलेल्या ईसीएमची चिप जशी आहे तशी वाचून जपून ठेवली, कारण आपण काही बिघडवले तर परतीची वाट तीच. मग जुन्या बोर्डावरची चिप बोर्डावरच वाचली. दोनदा वाचली आणि दोन्ही वाचने एकमेकांशी जुळली नाहीत; एकोणीस ठिकाणी फरक. चिप मेली असे वाटून क्षणभर हातपाय गार पडले. भिंगाखाली पाहिले तर एका पायाच्या मुळाशी मिठाचा कण चिकटलेला होता. चिप उचलून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रशने धुतली, दिव्याखाली अर्धा तास सुकवली आणि पुन्हा तीनदा वाचली. तिन्ही वाचने अक्षर न अक्षर सारखी. लॅपटॉपवर आकड्यांच्या जंगलात मधेच गाडीचा चॅसी क्रमांक साध्या अक्षरांत उभा दिसला. आरसीवरच्या क्रमांकाशी मालकांकडून मोठ्याने वाचून घेऊन ताडून पाहिला. साऱ्या चिपमधला ऐवज ८ किलोबाइटचा, मोबाइलमधल्या एका फोटोच्या तुलनेत चिमूटभर.

दोन सॉफ्टवेअरांत या चिपची मांडणी वेगळी असती तर हा ऐवज जसाच्या तसा उचलून घालणे धोक्याचे ठरले असते. दोन्ही वाचने शेजारी ठेवून चॅसी क्रमांक, इंजेक्टर कोड आणि तपासणी-बेरजा (आकडे बिघडले नाहीत हे पडताळणाऱ्या बेरजा) एकाच जागी असल्याची खात्री केली. दुपारी दोन वेळा वीज गेली, म्हणून लिहिण्याचे काम इन्व्हर्टरवर केले. लिहिलेले पुन्हा वाचून मूळ प्रतीशी जुळवले.

सायंकाळी साडेसहाला गाडी पहिल्या सेलला सुरू झाली आणि सुरू राहिली.

८ जुलै

सुरू राहिली खरी, पण थंड इंजिन असमान वाजते आणि कडक ठोका देते. मालकांच्या मते “ती दोन वर्षं अशीच वाजते.” हे वाक्य त्यांनी ४ जूनला सांगितले असते तर बरे झाले असते.

कॉमन रेल इंजिनमध्ये, म्हणजे जिथे एकाच सामायिक नळीतून सर्व इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल मिळते तिथे, प्रत्येक इंजेक्टर घडवताना त्याच्या फवाऱ्यात सूक्ष्म फरक राहतो. तो मोजून इंजेक्टरच्या डोक्यावर सात अक्षरांचा कोड कोरतात आणि ईसीएमला तो सांगितला की तो प्रत्येक सिलिंडरला किती वेळ फवारायचे ते त्याप्रमाणे सुधारतो. चार इंजेक्टरांवरचे कोड स्कॅनरमधल्या कोडांशी ताडले. पहिला आणि चौथा जुळतो, दुसरा आणि तिसरा नाही. दोन वर्षांपूर्वी हे दोन बदलले गेले आणि कोड कोणी घातलेच नाहीत. जुन्या चिपमधली ती चूक मी इमानेइतबारे नव्या ईसीएममध्ये उतरवली होती.

तिसऱ्याचे डोके गंजलेले. त्यावर पांढरा खडू घासून, बोटाने पुसून, कोरीव भागात राहिलेली भुकटी टॉर्चच्या तिरप्या उजेडात वाचली. पाचवे अक्षर ‘८’ वाटले. स्कॅनरने ते नाकारले. ‘बी’ घातल्यावर स्वीकारले. ईसीएम दुसऱ्या सिलिंडरच्या फवाऱ्यात करत असलेली दुरुस्ती २.८ वरून ०.६ वर आली, रेल प्रेशर आयडलला २६० ते २७० बारच्या दरम्यान स्थिर, ठोका गेला. मालक बॉनेटजवळ बराच वेळ ऐकत उभे राहिले.

एक बाब शिल्लक: रेडिएटरचा पंखा थंड इंजिनवरही सतत पूर्ण वेगाने फिरतो आणि पी ०५३० हा कोड पुन्हा पुन्हा येतो. तो एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा कोड आहे. आमच्या गाडीत एसीच नाही, तर सेन्सर कुठून असणार. पण सॉफ्टवेअर अजून कोल्हापूरच्या गाडीचेच आहे, आणि सेन्सर सापडत नाही म्हटल्यावर ते सावधगिरी म्हणून पंखा फिरवत ठेवते. पंख्याची तार कापण्याचा किंवा सेन्सरच्या जागी खोटा रोध लावण्याचा सल्ला दोघांनी दिला. दोन्ही केले नाही.

१५ जुलै

काल रात्रीपासून पाऊस कोसळतो आहे; दिवाणखवटीजवळ दरड रुळांवर आल्याने कोकण रेल्वे ठप्प आहे. गाडी चार दिवस शेडबाहेर उभी होती. सकाळी सहज मॅट उचलली तर नवा घातलेला कोरडा फोम पुन्हा चिंब. गाडीत ४ जूनपासून एकही क्रेट चढलेला नाही. म्हणजे मासळीचे पाणी ही माझी आणि मालकांची दोघांची चूक होती.

डाव्या बाजूचा पत्रा काढून, डोके खाली घालून, टॉर्च मारून अर्धा तास बसलो. इंजिनकडून आत येणाऱ्या वायरिंगच्या जाड दोरावरून एक थेंब सरकत आला, कपलरच्या वरच्या कडेला क्षणभर थबकला आणि ईसीएमच्या डब्यावर पडला. पुढचा थेंब चाळीसेक सेकंदांनी. गाडीची बॅटरी लगेच सोडली, ईसीएम काढून कपाटात ठेवला आणि मग स्वतःला चार शब्द सुनावले.

वायपरखालची काळी जाळी काढली. तिच्याखालच्या पन्हाळीचे पाणी डाव्या कोपऱ्यातल्या भोकातून चाकाकडे उतरायला हवे. त्या भोकात हात घालून ओढले तर सुरूच्या झाडाच्या सुया निघाल्या, काळ्या, कुजलेल्या, दोरीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. तीन मुठी भरल्या. गाडी वर्षानुवर्षे किनाऱ्यावरच्या सुरूखाली उभी असते. भोक बुजले की पन्हाळ भरते, पाणी वायरिंगच्या रबरी बुचापर्यंत चढते, आणि चिरलेल्या बुचातून आत येऊन दोरावरून थेट कपलरमध्ये उतरते. खारा वारा पन्हाळीत मीठ आणून ठेवतोच, त्यामुळे आत गेलेले पाणी निव्वळ पावसाचे राहत नाही.

१८ जुलै

पन्हाळ धुतली, भोकावर बारीक जाळी न लावता ते मोकळेच ठेवले, कारण जाळीवर सुया लवकर अडकतात आणि त्या दिसतही नाहीत. बूच नवे घातले. वायरिंगचा दोर मोकळा करून कपलरच्या खाली वाकवला आणि पुन्हा वर घेतला, जेणेकरून पाणी आलेच तर ते सर्वांत खालच्या वळणावरून जमिनीवर गळेल. ईसीएमची पट्टी चार बोटे वर सरकवली. त्यानंतर पोराला नळी घेऊन काचेवर वीस मिनिटे पाणी मारायला लावले आणि आत मी वर्तमानपत्र पसरून बसलो. एकही डाग नाही.

२४ जुलै

चिपळूणच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन चॅसी क्रमांकानुसार योग्य, बिनएसीचे सॉफ्टवेअर घालून घेतले. वापरलेला ईसीएम पाहून तिथल्या सुपरवायझरनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. आरसी, खरेदीची पावती आणि भंगाराच्या कागदाची प्रत पुढे ठेवल्यावर काम केले. काम चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवला होता, कारण अर्ध्यावर व्होल्टेज पडले तर ईसीएम तिथेच निकामी होतो. चिपमधला ऐवज शाबूत राहिला, चावी ओळखली गेली. पी ०५३० गेला आणि पंखा आता इंजिन तापल्यावरच फिरतो. परतताना खेडपर्यंत मी चालवली, पुढे मालकांनी.

३१ जुलै

गाडी सोपवली. मेलेला ईसीएम, कोल्हापूरच्या ईसीएमची मूळ प्रत आणि आजची प्रत असलेला पेनड्राइव्ह, चारही इंजेक्टरांचे कोड लिहिलेला कागद, असे सर्व एका पिशवीत घालून मालकांच्या हवाली केले. कागदाची एक प्रत ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली. मॅटखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरले आहे. पंधरा दिवसांनी ते उचलून बघायचे आणि दर रविवारी वायपरखालच्या भोकात बोट घालायचे, हे दोनदा सांगितले. मालक हसून म्हणाले, “सावली सोडून गाडी उन्हात कोण लावील, वायरमन? बोट घालीन.”

१७ ऑगस्ट

हर्णैला दुसऱ्या कामाने गेलो होतो. गाडी त्याच सुरूखाली उभी. मॅट उचलली, वर्तमानपत्र कोरडे आहे, फक्त एका कोपऱ्यावर चिखलाच्या चपलेचा ठसा. भोकात सुया होत्या, आठ-दहा. काढल्या.